लहान हायस्कुलांतील अमेरिकन फुटबॉल

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, नववी ते बारावीचा एकूण पट शे-दीडशेच्या आत असलेल्या हायस्कुलांमध्ये फुटबॉलसाठी मुले मिळेनाशी होणे आणि त्यामुळे अकराऐवजी नऊ, आठ किंवा सहा गड्यांचा संघ उतरवणे, या घडामोडीची ही नोंद आहे. येथील फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला अंगाने अडवून पाडण्याचा खेळ. हेल्मेट आणि खांद्याचे पॅड चढवूनच तो खेळावा लागतो.

देशभरातील हायस्कुलांत अकरा गड्यांचा फुटबॉल खेळणाऱ्यांची संख्या 2008-09 च्या सुमारास 11 लाखांच्या वर होती. 2018-19 मध्ये ती 10 लाख 6 हजारांवर आली आणि कोविडनंतर 2021-22 मध्ये 10 लाखांच्याही खाली गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा थोडी सावरली. संघ असलेल्या शाळा मात्र या काळात 14 हजारांच्या आसपासच राहिल्या. म्हणजे संघ बंद पडण्याआधी आतून रोडावत गेले. दोन हजार पटाच्या शाळेत वीस मुले कमी झाली तर राखीव खेळाडूंचा बाक थोडा मोकळा दिसतो. ऐंशी पटाच्या शाळेत वीस मुले म्हणजे सगळा संघच.

या ऐंशींचा हिशेब मांडून पाहावा. त्यात मुलगे साधारण चाळीस. निम्म्यांनी नाव दिले तरी झाले वीस, आणि त्यातले निम्मे नववी-दहावीचे. एकाचा गुडघा दुखावलेला, एक नापास झाल्याने बाहेर बसलेला. टेक्सासात तर 1984 पासून नापास विद्यार्थ्याला सामना खेळता येत नाही. उरलेल्यांतून अकरा उतरवायचे म्हणजे चढाईला आणि बचावाला तेच अकरा, पूर्ण सामनाभर. मध्यंतरात त्यांच्यातलाच एखादा हेल्मेट काढून, पॅड तसेच ठेवून, हातात ट्रम्पेट घेऊन शाळेच्या बँडच्या रांगेत उभा राहतो, कारण तिथेही वाजवायला माणसे नसतात. पाहणाऱ्याला हे दृश्य लोभस वाटते. पण याच संघात चौदा वर्षांच्या, अजून अंग न भरलेल्या मुलाला अठरा वर्षांच्या, शंभर किलोच्या गड्यासमोर उभे करावे लागते. लहान शाळांनी अकराचा हट्ट सोडावा, याचे सर्वांत सबळ कारण हेच.

गडी कमी करण्याची कल्पना जुनी आहे. स्टीफन एप्लर हे नेब्रास्का राज्यातील चेस्टर या गावी शिक्षक होते. महामंदीच्या त्या काळात आसपासच्या कितीतरी शाळांना मुलेही पुरत नव्हती आणि साहित्याचा खर्चही पेलत नव्हता. एप्लर यांनी सहा गड्यांचे नियम बांधले आणि 26 सप्टेंबर 1934 रोजी जवळच्या हेब्रॉन गावी पहिला सामना झाला. हेब्रॉन-चेस्टर विरुद्ध बेल्विडियर-अलेक्झांड्रिया, 19-19 अशी बरोबरी. संघांची ही जोडनावे बोलकी आहेत: दोन्ही बाजूंना दोन-दोन गावांची मुले होती. पुढे पोर्टलंड स्टेट विद्यापीठ ज्यातून वाढले, ते महाविद्यालय याच एप्लर यांनी 1946 मध्ये उभे केले.

सहा गड्यांचे मैदान 80 यार्ड लांब आणि 40 यार्ड रुंद, म्हणजे नेहमीपेक्षा लांबीला 20 यार्डांनी कमी आणि रुंदीलाही अरुंद. चेंडू आपल्याकडे राखायचा तर चार प्रयत्नांत 10 ऐवजी 15 यार्ड पुढे जावे लागते. सहाही जण चेंडू झेलू शकतात. अकराच्या खेळात आघाडीच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांना ही मुभा नसते. टचडाउननंतर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेल्यावर मिळणाऱ्या जादा प्रयत्नात, किक मारली तर 2 गुण, चेंडू धावत किंवा फेकून नेला तर 1. अकराच्या नियमाच्या बरोबर उलट. याचे कारण साधे आहे: इतक्या थोड्या माणसांत किक मारणाऱ्याला संरक्षण देणेच अवघड असते. मोकळी जागा भरपूर असल्याने एका संघाचे साठ-सत्तर गुण होणे नवलाचे नाही. मध्यंतराला किंवा त्यानंतर आघाडी 45 गुणांची झाली की पंच सामना थांबवतात. या खेळाला ‘खरा फुटबॉल नव्हे’ म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात, पण त्यात दम लागतो तो अकराच्या खेळापेक्षा कमी नाही.

टेक्सासात 105 च्या आतील पटाच्या सरकारी शाळांसाठी सहाचा खेळ आहे. मिनेसोटा आणि दोन्ही डाकोटांत नऊचा चालतो, तर कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा आणि मिशिगनमध्ये आठचा.

मुले कमी होण्याचे मूळ पुष्कळदा मैदानाबाहेर असते. अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ पट्ट्यात अनेक काउंट्यांची (जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांची) लोकसंख्या 1930 पूर्वीच कळसाला पोचून पुढे उतरणीला लागली. यंत्रे आली, शेते मोठी होत गेली आणि शेतावर राबणारी कुटुंबे घटली. त्यात भर पडली मेंदूच्या इजेच्या भीतीची. व्यावसायिक खेळाडू माइक वेबस्टर यांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा आजार डॉ. बेनेट ओमालू यांना आढळला, तो 2002 च्या तपासणीत. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या 111 माजी खेळाडूंचे दान केलेले मेंदू तपासले आणि त्यातल्या 110 मध्ये तो दिसला. आजाराची शंका असलेल्यांचेच मेंदू बहुधा दान होतात, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. तरीही आईवडिलांनी धसका घेतला, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही. याच सुमारास मेंदूला मार लागल्याच्या संशयावरून खेळाडूला लगेच बाहेर काढण्याचे कायदेही झाले. 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्याने सुरुवात केली आणि 2014 पर्यंत सर्व राज्यांत ते आले. थकलेल्या तेरा-चौदा जणांच्या संघात मात्र दोघे बाहेर गेले की सामनाच धोक्यात येतो.

सहाचाही संघ जमत नसेल तर शेजारची शाळा गाठून संयुक्त संघ करतात. इथे खरी ओढाताण होते ती नावाची, गणवेशाच्या रंगाची आणि घरचे सामने कुणाच्या मैदानावर होणार याची. कालपर्यंत ज्या गावाला हरवणे हा वर्षाचा सण होता, त्याच गावाच्या बसमध्ये बसायचे असते. एखाद्या शाळेने ऐन हंगामात संघ मागे घेतला तर झळ तिच्यापुरती राहत नाही. त्या आठवड्यात जिच्याशी सामना ठरलेला असतो, ती शाळा नवा प्रतिस्पर्धी शोधायला निघते आणि कधी कधी त्यासाठी मुलांना तीन-तीन तास बसने प्रवास करावा लागतो.