लिफ्ट किती इंचांची? आधी वजनकाट्याची पावती आणा

(जिम्नी, थार, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस आणि जुनी जिप्सी बाळगणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"दोन इंच लिफ्ट टाकायची आहे, किती होतील?" असा फोन आला की आम्ही उलट विचारतो: गाडीवर आत्ता काय काय बसवलंय, आणि पुढच्या वर्षभरात काय बसवणार आहात? बऱ्याच जणांना वाटतं, भाव सांगायचं टाळतायत. तसं नाही. लिफ्ट म्हणजे स्प्रिंग वगैरे बदलून गाडी उंच करणं. लिफ्टची स्प्रिंग इंचावर ठरत नाही, वजनावर ठरते. डब्यावर लिहिलेले 40 किंवा 50 मिमी हे ठरावीक वजन गृहीत धरून लिहिलेले असतात. एकाच किटमध्ये पुढच्या स्प्रिंगचे दोन-तीन प्रकार येतात: एक मूळ प्लास्टिक बंपरसाठी, एक लोखंडी बंपरसाठी, एक बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) दोन्हींसाठी. तिन्ही बाहेरून सारख्या, रंगही एकच. फरक असतो तो तारेच्या जाडीत आणि वेढ्यांत.

चूक नेमकी कुठे होते

आधी लिफ्ट, मग सवडीने बंपर, मग दिवाळीत विंच, मग टपावर कॅरियर. हा क्रम खिशाला सोयीचा वाटतो, पण स्प्रिंग दोनदा घ्यावी लागते आणि मजुरी दोनदा पडते.

जिम्नीचंच गणित करून बघा. लोखंडी बंपर आणि विंच मिळून 75 किलो धरा. हे वजन पुढच्या चाकांवर नसतं, चाकांच्याही पुढे साधारण 650 मिमीवर लटकलेलं असतं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2590 मिमी. तराजूचा दांडा डोळ्यांसमोर आणा: पुढच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) 75 नव्हे, सुमारे 94 किलो येतात आणि मागचा ॲक्सल 19 किलोने हलका होतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर 47 किलो. स्प्रिंगचा जोर मिमीला अडीच किलो (म्हणजे 1 मिमी दबायला अडीच किलो) धरला तर नाक 19 मिमी खाली बसणार. चाळीसची लिफ्ट घेतली, हातात उरली एकवीस. वर मागची बाजू उचललेली दिसते ती वेगळीच, आणि ग्राहक म्हणतो किट डुप्लिकेट निघालं.

उलटी चूकही तेवढीच होते. "पुढे विंच लावणारच आहे" म्हणून आधीच जड स्प्रिंग घेतली आणि विंच दोन वर्षं लागलाच नाही. आता 40 ऐवजी 60 मिमी उंची मिळते. ऐकायला बरं वाटतं, पण रिकाम्या नाकावर ती स्प्रिंग दबतच नाही. चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. गतिरोधक उतरताना शॉकअप वरच्या टोकाला जाऊन ठोकतो, आणि स्टिअरिंगची भूमिती 60 मिमीची झालेली असते, तर ती दुरुस्त करणारे बुश (सांध्यातले रबरी भाग) 40 मिमीचे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: जड वस्तू आधी बसवा किंवा निदान आधी ठरवा. बंपर आमच्याकडूनच घ्या असं नाही. कुठूनही घ्या, पण त्याचं वजन कळवा.

मागच्या बाजूला नेहमीचं वजन आणि कधीमधीचं वजन वेगळं मोजा. टूलबॉक्स, फ्रिज, ड्रॉवर कायम गाडीत असतील तर ते स्प्रिंगच्या हिशेबात धरतो. वर्षातून दोनदा पाच माणसं आणि तंबू घेऊन जाणार असाल, तर त्यासाठी जड स्प्रिंग घालून उरलेले 350 दिवस कंबर मोडून घेऊ नका. त्यापेक्षा स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी स्वस्त पडते आणि हवा सोडली की गाडी पूर्वीसारखी.

आणखी एक. जड स्प्रिंग घातल्याने गाडीची वजन पेलण्याची मर्यादा वाढत नाही. पाच दारांच्या जिम्नीचं परवानगी असलेलं एकूण वजन 1545 किलो, रिकामी गाडी 1200 च्या आसपास. उरले 340-345. त्यात 75 बंपर-विंचचे गेले की चार मोठी माणसं बसल्यावर डबा न्यायलाही जागा नाही. ब्रेक, बेअरिंग आणि चासी तेच आहेत, हे विसरू नका.

वजन कसं करून आणायचं

उसाचे, वाळूचे ट्रक ज्यावर चढतात तो काटा चालतो. मोठ्या काट्यावर आकडा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने पुढे जातो, तेवढा पुरे. काटा मात्र जमिनीच्या पातळीतला बघा. चढ देऊन वर उचललेल्या काट्यावर अर्धी गाडी तिरकी उभी राहते आणि आकडा चुकतो.

टाकी पूर्ण भरा, रोजचं सामान गाडीतच ठेवा, माणसं उतरवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तीन पावत्या. पुढचा आणि मागचा आकडा मिळून पूर्ण वजनाच्या 20 किलोच्या आत यायला हवा, नाहीतर पुन्हा करा. काटेवाला वैतागेल, त्याला चहा पाजा. पावत्यांचे पैसे आम्ही बिलातून वजा करतो.

त्याच वेळी घरी चार मापं घ्या: चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत, सपाट जागी. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा आणि झिजलेली गोटी (टायरची नक्षी) दोन्ही त्या मापात शिरतात. डाव्या-उजव्या बाजूत 5 ते 10 मिमीचा फरक पुष्कळ गाड्यांत कंपनीतूनच असतो. तो आत्ताच लिहून ठेवलात तर नंतर "तुम्ही गाडी वाकडी बसवली" हा वाद होत नाही.

लिफ्टने काय मिळतं

जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून सगळ्यात खालच्या भागापर्यंतची उंची) 210 मिमी. पन्नास मिमीची लिफ्ट टाकून मूळ टायर ठेवले तर डिफरन्शियलच्या (ॲक्सलमधल्या गिअरपेटीच्या) गोळ्याखाली? 210 च. गोळा ॲक्सलवर आहे, ॲक्सल चाकांवर, आणि स्प्रिंग त्याच्या वर. उंच होते ती बॉडी. त्याचा उपयोग आहेच: नाक, शेपूट आणि पोट घासायचं कमी होतं, टायर मोठा बसायला जागा होते. पण दगड गोळ्याला लागतोय ही तक्रार असेल तर औषध टायर आहे. जिम्नीचा मूळ 195/80 आर 15 टायर 693 मिमी व्यासाचा, 235/75 आर 15 साधारण 733 चा. चाळीसचा निम्मा म्हणजे 20 मिमी गोळा वर जातो. त्याची किंमत अशी की मीटर 80 दाखवतो तेव्हा खरा वेग 84-85 असतो, आणि गिअर तेवढाच लांब झाल्याने घाटात पाचव्याची चौथी लवकर करावी लागते.

आणि पावसाळ्यात चिखलात किंवा वाळूत अडकता म्हणून लिफ्ट हवी असेल, तर आधी टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवून बघा आणि बाहेर आल्यावर भरायला छोटा कंप्रेसर जवळ ठेवा. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यात होतं. आमचा धंदा बुडवणारा सल्ला आहे, पण खरा आहे.

कोणत्या गाडीला किती

जिम्नीला पुढेमागे अखंड ॲक्सल आणि कॉइल (वेढ्यांची स्प्रिंग). 40 मिमी सुखाची, 50 ही दुरुस्तीसकट. पुढचे आर्म (ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) खाली झुकले की ॲक्सल गोल फिरतो आणि कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येत नाही आणि ऐंशीच्या वर गाडी लेनमध्ये भटकते. यावर कास्टर बुश घालावेच लागतात. पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला चासीशी आडवा बांधणारा दांडा) ॲक्सल एका बाजूला काही मिमी सरकतो, तो ॲडजस्टेबल रॉडने मधे आणतो.

2020 नंतरची थार, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस यांचं पुढचं चाक स्वतंत्र, विशबोनवर (त्रिकोणी आर्मवर). इथे आम्ही 40-45 मिमीवर थांबतो आणि तिथे सगळ्यात जास्त घासाघीस होते. "अमुक ठिकाणी तीन इंच करून देतात." देत असतील. चाक जेवढं खाली ढकलाल तेवढा ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन तीव्र होतो, त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट घडीत घासून फाटतो, ग्रीस बाहेर आणि माती आत. पूर्ण वळवून चढ चढताना टकटक आवाज सुरू झाला की शाफ्टचा खर्च लिफ्टच्या खर्चाशी स्पर्धा करतो.

स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीवर) ठेवायची नुसती चकती (स्पेसर) याच गाड्यांना विकली जाते. स्ट्रट चाकापेक्षा आत बसतो, म्हणून 25 मिमीची चकती चाकाशी 40-45 मिमी उचलते. घेताना हे कोणी सांगत नाही. चकतीने स्प्रिंगचा जोर वाढत नाही, त्यामुळे बंपर-विंच असलेल्या गाडीला ती देत नाही. मूळ वजनाच्या गाडीला, शॉकअप चांगले असतील तर, 10-12 मिमीची चकती नाक सपाट करायला चालते.

जुन्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). त्याचा बोल्ट आवळला की नाक फुकटात वर येतं. पण बार कडक होत नाही, फक्त वरचा आर्म स्टॉपरवर जाऊन टेकतो आणि गाडी खड्ड्यात आदळते. दमलेला बार मूळ उंचीवर आणण्यापुरताच बोल्ट फिरवावा.

जिप्सीला चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), व्ही-क्रॉसला मागे. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी) लावायची तर 25 मिमी उंचीसाठी शॅकल 50 मिमी लांब लागते. पुढच्या पाट्याखाली लोखंडी ठोकळा आम्ही कोणत्याही पैशात लावत नाही. ब्रेक मारताना ॲक्सल त्यावर पिळतो. यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे) प्रत्येक वेळी नवे. ज्या गाडीला मागच्या ॲक्सलवरून ब्रेकच्या व्हॉल्व्हला दांडी जाते, तिचा ब्रॅकेट लिफ्टइतका हलवावाच लागतो. नाहीतर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीत मागचा ब्रेक अर्धवट लागतो.

दोन दिवस का लागतात

स्प्रिंग बदलायला अर्धा दिवस पुरतो, हे खरं. उरलेला वेळ तुम्हाला न दिसणाऱ्या गोष्टींत जातो. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे बुशचे बोल्ट. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरवताच रबर पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. काही हजार किलोमीटरमध्ये ते फाटतं. तोपर्यंत तेच पिळलेलं रबर गाडीला थोडं वर धरून ठेवतं, म्हणून पहिल्या दिवशीची उंची खोटी असते. आम्ही बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवतो, थोडी पुढेमागे चालवून बसू देतो आणि मग खालून टॉर्क पान्याने आवळतो. यात घाई होत नाही.

मग चाक पूर्ण लोंबवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज (रबरी नळी) आणि एबीएसची वायर ताणतेय का बघतो. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइट. अलाइनमेंटची छापील प्रत तुमच्या हातात देतो, त्यात कास्टरचा आकडा असतो. तो जपून ठेवा.

नवी स्प्रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये 5 ते 10 मिमी बसते. म्हणून 500 ते 1000 च्या मधे एकदा या: बोल्ट पुन्हा आवळणं आणि माप घेणं मोफत. पाट्यांच्या गाड्यांनी तर 500 लाच यावं. न आलेल्या गाडीचा खडखडाट नंतर आमच्या खात्यात मांडू नका.

बाहेरून आणलेलं किट

बसवून देतो. पण स्प्रिंग नवी आणि शॉकअप जुनाच असेल तर नाही. मूळ शॉकअप कमी लांबीचा, लिफ्टनंतर तो जवळजवळ पूर्ण ताणलेला उभा राहतो. बॉक्सवरचा स्प्रिंगचा नंबर आणि काट्याची पावती जुळत नसेल तर तसं बिलावर लिहून मगच बसवतो. भांडणासाठी नाही, नोंद राहावी म्हणून.

कायद्याचं

हेही स्पष्ट सांगतो, कारण विकणारे सहसा गप्प बसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. "आरटीओचं आम्ही बघून घेतो" असं आम्ही म्हणत नाही. विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि उत्तर जपा. सस्पेन्शनवरच्या वॉरंटीला शोरूम नकार देऊ शकतं. जुने स्प्रिंग आणि शॉकअप आम्ही बांधून परत देतो. ते भंगारात घालू नका. गाडी विकताना किंवा पासिंगला तेच परत चढवायचे असतात.

येण्याआधी

तीन पावत्या, चार मापं, टायरचा साइज, बसवलेल्या आणि बसवायच्या वस्तूंची वजनासकट यादी एवढं फोनवर पाठवलंत तर स्प्रिंगचा नंबर आणि पक्का भाव त्याच दिवशी कळवतो. गाडी खालून धुऊन आणा. वाळलेल्या चिखलाखालचे नट दिसत नाहीत आणि गंजलेला बोल्ट कापावा लागला तर त्याचे पैसे वेगळे. कोकणातल्या गाड्यांनी येण्याच्या आदल्या दोन संध्याकाळी आर्मच्या आणि शॉकअपच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. फक्त ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका.