पेशी वाढतात म्हणून नाही, मरत नाहीत म्हणून: बीसीएल-२ ची गोष्ट

जांबोटीला आमच्या मामांच्या घरामागं सागाची झाडं आहेत, माघ-फाल्गुनात तिथं पाऊल टाकलं की परातीएवढी वाळकी पानं कुरकुरतात. तिथंच खुर्ची टाकून मामा बसले होते, हातात रक्ताचा रिपोर्ट, पांढऱ्या पेशी नको तेवढ्या वाढलेल्या, आणि बेळगावच्या डॉक्टरांनी नाव सांगितलेलं सीएलएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचाच एक हळू चालणारा प्रकार. मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते म्हणून मला विचारलं, "बाळ, ह्या पेशी एवढ्या वाढतात कशाला गं?" मी म्हटलं, मामा, त्या वाढतात त्यापेक्षा वेळेवर मरत नाहीत, तुमच्या आजारात मोठी अडचण ती आहे. ते माझ्याकडं बघतच राहिले. "म्हणजे पेशी मरायला पायजे म्हणतीस?"

पायजेच की. आपल्या अंगात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या होतात, हा हिशोब जुळला तरच शरीर नीट चालतं. पोटात असताना बाळाच्या हाताची बोटं आधी चिकटलेली असतात, मधल्या पेशी ठरवून मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. एक मिलिमीटरभर लांबीचा सी. एलिगन्स नावाचा किडा आहे, त्याची वाढ होताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात, दरवेळी त्याच १३१. हे ज्यांनी एकेक पेशी मोजून शोधून काढलं त्यांना २००२ चं नोबेल मिळालं.

ह्या ठरवून मरण्याला ॲपॉप्टॉसिस म्हणतात. १९७२ साली केर, वायली आणि करी ह्या तिघांनी हे नाव दिलं, ॲबरडीनच्या एका ग्रीकच्या प्रोफेसरांनी त्यांना तो शब्द सुचवला होता, आणि त्याचा अर्थ पानं गळणं. मामांना हे सांगितल्यावर त्यांनीच एक गोष्ट दाखवली जी माझ्या कधी डोक्यात आली नव्हती, वळवाच्या वाऱ्यानं मोडलेल्या फांदीवरची पानं वाळतात पण गळत नाहीत, तशीच लोंबत राहतात. कारण पान गळायला झाड जिवंत लागतं, देठाच्या बुडाशी झाड स्वतः एक थर तयार करतं आणि पान सोडून देतं. पेशीचंही अगदी तसंच आहे, मरायचं काम ती स्वतःच करते.

आता बीसीएल-२. लांब नाव बी-सेल लिम्फोमा २, लिम्फोमा म्हणजे बी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आणि बी-पेशी म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, हे नाव पडलं कारण १९८० च्या दशकात फिलाडेल्फियाला त्सुजिमोतो आणि क्रोचे यांना तो जीन लिम्फोमाच्या पेशींत सापडला. त्या पेशींत १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल झालेले होते, १४ वर अँटीबॉडी बनवायचा जीन असतो आणि बी-पेशीत तो जोरात चालू असतो, त्याच्या शेजारी १८ वरचा बीसीएल-२ येऊन चिकटला की तोही तसाच जोरात चालतो. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं कॅन्सरचा जीन म्हणजे पेशीला पटापट दुप्पट करणारा. पण १९८८ ला मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉक्स नावाच्या पीएचडी करणाऱ्या पोरानं कोरी आणि ॲडम्स ह्यांच्याबरोबर काम करताना बघितलं की बीसीएल-२ घातलेल्या पेशींचं खाणंपिणं म्हणावं असं ग्रोथ फॅक्टर काढून घेतलं तरी त्या मरत नाहीत. वाढतही नाहीत, नुसत्या जिवंत राहतात. माझ्या मते कॅन्सरच्या अभ्यासात एवढं मोठं वळण फार कमी वेळा आलंय.

ह्या जीनपासून बनणारं बीसीएल-२ प्रोटीन करतं काय? मामांना बैलाच्या भाषेत सांगितलं. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, एनर्जी तिथं तयार होते. बॅक्स आणि बॅक ही दोन प्रोटीनं म्हणजे दोन बैल समजा, मोकळे सुटले की मायटोकॉन्ड्रियाच्या भिंतीला भोकं पाडणारे. बीसीएल-२ म्हणजे खुंटा, त्याच्या खोबणीत त्यांना अडकवून ठेवतो. पेशीचं काही बिघडलं, डीएनए तुटला, की बिम, प्यूमा अशी प्रोटीनं येतात आणि खुंट्याची ती खोबणीच अडवून बसतात, मग बैल मोकळे. भोकातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते ह्याचं, कारण हेच सायटोक्रोम सी आत असताना पेशीला जगवायला एनर्जीच्या कामात राबत असतं, तेच बाहेर आलं की मरणाचा निरोप. १९९६ ला शाओडोंग वांग यांनी हे दाखवलं. तिथून पुढं कॅस्पेज नावाची कात्रीसारखी एन्झाइम्स चालू होतात, पेशी आतून कापली जाते, तिच्या छोट्या छोट्या पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात, सूज नाही, पू नाही.

मामांच्या आजारात ती १४-१८ ची अदलाबदल बहुतेक वेळा नसते, तरी बीसीएल-२ भरपूर असतं. खुंटे जास्त, बैल सुटतच नाहीत.

औषध ह्याच खोबणीवर केलंय. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी बिमची नक्कल करून खोबणीत बसते. त्याच्या आधीचं नॅव्हिटोक्लॅक्स होतं, ते बीसीएल-एक्सएल ह्या भावंडालाही धरायचं, आणि प्लेटलेट्स त्या भावंडाच्या जिवावर जगतात, म्हणून त्या धडाधड कमी व्हायच्या. व्हेनेटोक्लॅक्स फक्त बीसीएल-२ धरेल असं घडवलं. अमेरिकेत २०१६ ला मंजुरी मिळाली ती आधी १७ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा हरवलेल्या सीएलएलच्या पेशंटना. त्या तुकड्यावर पी५३ नावाचा जीन असतो, डीएनए बिघडल्याची बोंब मारणारा, आणि तो नसला की नेहमीची केमो फारशी चालत नाही. ही गोळी त्या बोंबेची वाट न बघता थेट खुंट्यावरच जाते.

पण एकदम पूर्ण डोस देत नाहीत. पहिला आठवडा रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००, कारण एकाच वेळी खूप पेशी मेल्या तर आतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात सांडतं आणि किडनीवर, हृदयावर येतं. म्हणून भरपूर पाणी आणि सारखी रक्ततपासणी. मामांनी उशाशी तांब्याची कळशीच ठेवली होती आणि मामी प्रत्येक तांब्याला भिंतीवर खडूनं रेघ ओढायच्या. आता ४०० वर आहेत, रेघा ओढणं मामींनी अजून थांबवलेलं नाही.