पार्श्वभूमी : कंबर, शीर आणि मणक्यातला ‘गॅप’

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आज कोणी कंबर दुखते म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘गॅप आहे का?’ साठेक वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला नसता. तेव्हा कमरेत उसण भरे, लचक भरे, चमक निघे. आणि कळ कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत उतरली, तर ‘शीर आखडली’ किंवा ‘वात उतरला’ एवढे बोलून घरातले कोणीतरी निरगुडीचा पाला आणायला बांधावर जाई. पायात उतरणाऱ्या या कळीसाठी सायटिका हा शब्द दवाखान्यातून आला, ‘गॅप’ हा एक्स-रेच्या फिल्मवरून आला, आणि या दुसऱ्या शब्दाने कोकणातल्या कमरेचे जे केले ते पहिल्याला कधी जमले नाही.

दुखणे स्वतः फार जुने आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात गृध्रसीचे, म्हणजे सायटिकाचे, वर्णन येते, त्यात कळ नितंबापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी अशी पावलापर्यंत उतरते. सुश्रुतसंहितेत टाचेकडून बोटांकडे जाणाऱ्या कंडरा वाताने ग्रासल्या की पाय उचलणे अडते, असे सांगितले आहे. रुग्णाला उताणे निजवून गुडघा न वाकवता पाय वर उचलून पाहण्याची जी तपासणी आज सर्वत्र होते, ती युरोपात १८८० च्या सुमारास नोंदली गेली. कुल्ल्याच्या सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे ही दोन वेगळी आहेत, हे तिकडे १७६४ मध्ये नेपल्सच्या एका वैद्यकाने मांडले होते. चरकाने गृध्रसीवर शिरावेध (शीर टोचून रक्त काढणे), बस्ती (औषधी एनिमा) आणि अग्निकर्म (डाग देणे) सांगितले आहे. गावठी बिब्ब्याचे चटके आणि तापल्या सळईचे डाग हे त्या अग्निकर्माचेच दूरचे नातलग म्हणावे लागतील, आणि जुन्या पिढीतल्या काहींच्या पोटरीवर, घोट्याजवळ ते वण अजून दिसतात.

कोकणात कंबर धरण्याचा हंगाम म्हणजे पावसाळा. भातलावणीसाठी तरवा, म्हणजे भाताची रोपे, उपटून मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या कुणग्यात (भातखाचरात) त्या फेकायच्या, आणि मग ओणव्याने मागे मागे सरत एकेक चूड रोवत जायचे, असे दिवसच्या दिवस चाले. या कामाचे इरल्याइतके चोख वर्णन दुसऱ्या कशात सापडणार नाही. बांबूच्या कामट्यांची वीण, आत पाने, आणि डोक्यावरून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकणारे ते कवच वाकलेल्या माणसाच्याच मापाने घडवलेले असे. उभे राहिले की ते मागे लोंबकळे आणि पाऊस थेट तोंडावर येई. पाठ सरळ करण्याची सोय त्या इरल्यात धरलेलीच नव्हती. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांची, चिरेखाणीत चिरे रचणाऱ्यांची आणि आंब्याच्या पेट्या ट्रकात चढवणाऱ्यांची कंबर निराळ्या तऱ्हेने जाई. (या कामांवर आज कर्नाटकातले आणि नेपाळमधले मजूर मोठ्या संख्येने आहेत, आणि कोकणातल्या कंबरदुखीची चर्चा होते तेव्हा त्यांच्या कमरेचा विचार सहसा कोणी करत नाही.)

उपाय घरचेच होते. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक घेत, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करत, निरगुडीच्या पाण्याने आंघोळ घालत. किनाऱ्यालगतच्या उंडीच्या बियांचे तेल, जे दिव्यालाही चाले आणि होडीच्या लाकडालाही, तेच सांध्यांना आणि कमरेला चोळत. संगमेश्वराजवळची आरवली, तुरळ आणि राजवाडी, दापोलीकडचे उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे येथल्या गंधकाचा वास येणाऱ्या गरम कुंडांवर लोक मुक्कामाने जात. शिवाय पायाळू होताच. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाने पालथ्या पडलेल्याच्या कमरेवर पाय लावला की उसण निघते, अशी समजूत होती, आणि वाडीत पायाळू कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. शेकाने पहिल्या काही दिवसांत थोडा आराम पडतो, हे नंतरच्या चाचण्यांनीही मान्य केले आहे. पायाळूची चाचणी कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. मुळात बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात आणि पायात उतरलेली कळ बहुधा दीड ते तीन महिन्यांत बरीच कमी होते. लावणी आषाढात आटपे, गणपती भाद्रपदात येत. त्यामुळे लावणीत धरलेली कंबर आरतीला उभी राहिलेली असे, आणि तेल, कुंड किंवा पायाळू यांपैकी शेवटी जे केले असेल त्याला श्रेय मिळे.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. कोकणात तालुक्याच्या गावांतल्या खाजगी दवाखान्यांपर्यंत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला, आणि ‘गॅप’चा घोटाळा तेथून सुरू होतो. एक्स-रेमध्ये हाड पांढरे उमटते, पण दोन मणक्यांमधली गादी उमटतच नाही. म्हणून फिल्मवर दर दोन मणक्यांच्या मध्ये काळपट आडवी फट दिसते. ही फट धडधाकट माणसाच्या फिल्मवरही असते. किंबहुना त्याच्याच फिल्मवर ती जास्त रुंद दिसते, कारण त्याची गादी जाड असते. वय वाढते तसे गादीतले पाणी आटते, तिची उंची घटते, फट अरुंद होते आणि अहवालात ‘डिस्क स्पेस कमी झाली आहे’ अशी नोंद पडते. म्हणजे वैद्यकाच्या लेखी बदल जो काही असेल, तो गॅप कमी होण्याचा आहे. घरी येणारा निरोप मात्र नेमका उलटा असतो : ‘मणक्यात गॅप पडलाय.’

हा निरोप असा का उलटला, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. डॉक्टर फिल्म खिडकीच्या उजेडात धरतात, एका फटीवर बोट ठेवतात आणि ‘इथला गॅप बघा’ म्हणतात. पाहणाऱ्याला पुढचे ‘कमी झालाय’ ऐकू येण्याआधी फट दिसलेली असते. चिऱ्याच्या भिंतीच्या घरात राहणाऱ्या माणसाला फट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सांधा सुटला, फट पडली, की पावसात पाणी शिरणार. ती बुजवली पाहिजे, आणि बुजवेपर्यंत त्या भिंतीवर भार टाकता कामा नये. नेमकी हीच समजूत कमरेला लागू झाली. म्हणून गॅप ‘भरून काढणाऱ्या’ गोळ्या, तेले आणि पट्टे खपू लागले, म्हणून महिनोन्‌महिने कॅल्शियम खाल्ले गेले, आणि म्हणून घागर, टोपली, नातू यांपैकी काहीच उचलायचे नाही असे घराघरांत ठरले. जी फट सगळ्यांनाच असते ती भरून निघण्याचा प्रश्नच नव्हता. ती भरली नाही याचा अर्थ मात्र दुखणे गेले नाही असाच लावला गेला.

क्रियापदांकडे पाहिले तर फरक अधिक स्पष्ट होतो. उसण भरते आणि निघते, शीर आखडते आणि मोकळी होते, वात चढतो आणि उतरतो. गॅप पडतो, पडलेला गॅप गेल्याचे कोणी सांगत नाही. ‘गादी सरकली’ हा त्याच्या जोडीचा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. गादी साबणाच्या वडीसारखी निसटून बाजूला जात नाही. तिचे बाहेरचे कडे एका जागी कमकुवत होते किंवा फाटते आणि आतला मऊ गर फुगून वा बाहेर येऊन नसेच्या मुळाशी लागतो. १९३४ मध्ये बॉस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी सायटिकाचे हे कारण मांडले. पुढे असे दिसून आले की बाहेर आलेला हा गर अनेक रुग्णांमध्ये शरीर स्वतःच शोषून घेते, आणि मोठा तुकडा सुटून आला असेल तर हे होण्याची शक्यता उलट जास्त असते. ‘सरकली’ या शब्दात या गोष्टीला जागा नाही.

राजापूर तालुक्यातल्या एका घरात मी अशी फिल्म पाहिली आहे. कालनिर्णयाच्या मागे खिळ्याला लटकवलेले पिवळट पाकीट, आत अकरा वर्षांपूर्वीचा एक्स-रे, आणि घरातल्या साठीच्या बाईंनी तो उजेडात धरून अचूक बोट ठेवलेली फट. पायातली कळ त्यांना पहिल्या वर्षानंतर आठवत नव्हती. शेतात मात्र त्या त्यानंतर उतरल्या नव्हत्या, कारण गॅप होता तसाच होता.

एमआरआय आल्यावर गादीही दिसू लागली, पण घोटाळा निवळण्याऐवजी वाढला. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढण्यात आला. त्यांतल्या अवघ्या ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या ठाकठीक होत्या, ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता. २०१५ मध्ये, काहीही न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या तेव्हा गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत आढळली. हे आकडे चर्चेत येईपर्यंत कोकणातून एमआरआयसाठी मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातले बांबोळी गाठण्याची रीत पडून गेली होती. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात त्यावरून आंदोलन झाले, एवढी ती वाट अंगवळणी पडलेली होती. प्रवासात दिवस घालवून आणि पैसे खर्चून आणलेल्या अहवालात काहीतरी निघालेच पाहिजे, ही अपेक्षाही स्वाभाविक होती, आणि चाळिशीपुढच्या माणसाच्या अहवालात काही ना काही निघतेच.

दुसरा वाद विश्रांतीचा. १९८० च्या दशकापर्यंत कंबर धरली की फळीवर निजायचे, पायाला वजने बांधून ट्रॅक्शन घ्यायचे आणि दोन-तीन आठवडे उठायचे नाही, हा सर्रास सल्ला होता. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत दोन दिवस आणि सात दिवस विश्रांती घेतलेल्यांची तुलना झाली. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले, फक्त दोन दिवसवाले लवकर कामावर गेले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये असे आढळले की जमेल तेवढे नेहमीचे व्यवहार करत राहिलेले लोक अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सुधारले. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये खास सायटिकाच्या रुग्णांत दोन आठवडे झोपून राहण्याचा काहीच जादा फायदा दिसला नाही. फळीचे प्रकरण २००३ मध्ये स्पेनमध्ये तपासले गेले, आणि जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला. आपल्याकडे फळी अजून गेलेली नाही. माझ्या मते हा सल्ला टिकण्याचे खरे कारण वैद्यकीय नाही : लावणीच्या ऐन दिवसांत सुनेला झोपून राहायचे असेल तर डॉक्टरांचे नाव घ्यावे लागते, आणि ‘हिंडत-फिरत राहा’ हा सल्ला घरी सांगितला तर उरलेला कुणगा तिच्याच वाट्याला येतो. चाचण्यांत ‘नेहमीचे व्यवहार’ म्हटले आहे त्यात दिवसभर ओणवे राहणे अभिप्रेत नव्हते, हे सांगायचे मात्र राहून गेले.

शस्त्रक्रियेबद्दलचे मत इतके तुटक नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले गेले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायाची कळ लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्ही गट एकाच जागी आले, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला ते वाचलेले महिने कमी वाटणार नाहीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, या लक्षणांत मात्र वाट पाहण्याला जागाच नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. पाऊल उचलेनासे झाले, चप्पल पायातून निसटू लागली, तरी दिवस घालवता येत नाहीत. दुर्दैवाने बधिरपणा आणि ताकद जाणे यांना रोजच्या बोलण्यात वेगळा शब्द नाही. कळ थांबून बधिरता आली की ‘आता बरे आहे’ असे सांगितले जाते.

गोळ्यांचा इतिहास थोडक्यात आटपता येतो. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये सुमारे १,६५० रुग्णांत पॅरासिटामॉल ताज्या कंबरदुखीवर औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही, आणि २०१७ मध्ये सायटिकावर प्रीगॅबालिनचेही तेच झाले. तरी नसेच्या गोळ्या म्हणून ती आजही लिहून मिळते. व्यायामाने, विशेषतः हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याने आणि पाठीची ताकद वाढवण्याने, जुन्या कंबरदुखीत मध्यम का होईना फायदा होतो, यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

शब्दाचे काय करायचे, याचाही प्रयोग झाला आहे. अमेरिकेत पाठीच्या तपासणीच्या अहवालांत एक मजकूर मुद्दाम छापला गेला, की असे बदल या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांतही सर्रास आढळतात. सुमारे अडीच लाख रुग्णांच्या या पाहणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला : पुढच्या तपासण्या आणि उपचार एकंदरीत कमी झाले नाहीत, अफूवर्गीय वेदनाशामके लिहून देणे तेवढे किंचित घटले. आपल्याकडचा अहवाल तर इंग्रजीत असतो. सावंतवाडीहून किंवा चिपळूणहून एसटीने परत येणारा माणूस त्यातला एकच शब्द घरी घेऊन येतो, आणि पाकीट कालनिर्णयाच्या मागे जाते.