त्वचेला तेल हवंय की पाणी?

पोटरीवर नखाने रेघ ओढली आणि ती पांढरी उमटली, की आपण म्हणतो त्वचा कोरडी पडली. दुपारी कपाळ तेलाने चमकतंय, पण तोंड धुतलं की गाल ताणल्यासारखे वाटतात, तेव्हाही आपण तेच म्हणतो. डोळ्यांखाली बारीक रेघांची जाळी दिसली की पुन्हा तेच. आणि तिन्हींवर उपायही एकच: तेल चोळा. एखाद्या ठिकाणी गुण येतो, बाकी दोन ठिकाणी उशीचा अभ्रा तेवढा तेलकट होतो.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. विहीर कोरडी पडते ती पाण्यावाचून, दुष्काळ कोरडा असतो तोही पाण्यावाचून. पण एखाद्या बाटलीवर 'कोरड्या त्वचेसाठी' असं छापलेलं असतं, तेव्हा बहुधा कमतरता तेलाची अभिप्रेत असते. खरं तर या दोन उण्यांसाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत. स्निग्धाच्या उलट ते रूक्ष आणि आर्द्राच्या उलट ते शुष्क. बोलायला जरा जड आहेत खरे, पण या लेखापुरते मी तेच वापरणार आहे, कारण 'कोरडी' म्हटलं की दोन्ही तक्रारी एकाच पोत्यात जातात.

रूक्ष त्वचा म्हणजे जिच्यात मुळात तेल कमी तयार होतं. हा बराचसा जन्माचा आणि वयाचा भाग. तळहात आणि तळपायांना तेलग्रंथी नसतातच. पोटऱ्यांवर त्या विरळ असतात, म्हणून ती पांढरी रेघ तिथे सगळ्यात आधी उमटते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांच्या चेहऱ्यावरचं तेलही घटतं, आणि पंचविशीत टिपकागदाने नाक पुसणारी बाई पन्नाशीत सायीसारखं क्रीम शोधू लागते. शुष्क त्वचा मात्र कोणाचीही होऊ शकते, अगदी तेलकट त्वचेचीसुद्धा. कडकडीत पाण्याची आंघोळ, दिवसातून चार वेळा साबण, वातानुकूलित खोली, लांबचा विमानप्रवास, रोजचा स्क्रब, यांतल्या कशानेही ती आठवड्याभरात शुष्क होते आणि चुका थांबवल्या की बहुधा तेवढ्याच अवधीत सावरू लागते. रूक्षपणा स्वभावासारखा आहे, शुष्कपणा आजारपणासारखा. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

या फरकाच्या मुळाशी एक जुना आणि फार सुंदर प्रयोग आहे. अमेरिकी संशोधक अर्व्हिन ब्लँक यांनी तो 1952 साली प्रसिद्ध केला. पायाच्या घट्ट्याचा, म्हणजे जाड झालेल्या मृत त्वचेचा तुकडा वाळवला की तो कडक होतो आणि वाकवला तर मोडतो. असा तुकडा तेलात बुडवून ठेवला तरी तो कडकच राहिला. पाणी मिळालं तेव्हा कुठे मऊ झाला आणि वाकायला लागला. त्वचेचा सर्वांत वरचा थर लवचीक राहतो तो त्यातल्या पाण्यामुळे, हे यातून दिसलं. त्या थरातलं पाणी साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेलं की तो ताठरतो आणि हालचालीबरोबर त्याला बारीक भेगा पडतात.

मग तेल लावल्यावर मऊ का वाटतं? कारण तेल पाणी देत नसलं तरी असलेलं पाणी अडवून धरतं. हा वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. त्यात चपट्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड (त्वचेतला एक मेद), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचा चुना भरलेला असतो. विटांच्या आत अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्लाचे क्षार, युरिया असे पाण्याला धरून ठेवणारे पदार्थ असतात. शरीराच्या आतलं पाणी या भिंतीतून सतत, नकळत बाहेर जात असतं; घामाचा हिशोब न धरतासुद्धा दिवसाला साधारण 300 ते 400 मिलिलिटर. चुना घट्ट असेल तर वरच्या थरात पुरेसं पाणी टिकतं. चुना झिजला की वाफ सुसाट पळते, आणि विटांतले ते पाणी धरणारे पदार्थ धुऊन गेले की पाणी आलं तरी थांबत नाही. हे पदार्थ पाण्यात विरघळणारे आहेत, म्हणूनच लांबलचक आंघोळीनंतर त्वचा जास्तच ओढली जाते. तासभर पाण्यात राहून शुष्क होणं हा विरोधाभास वाटतो, पण तो असा जुळतो.

आता आपली तक्रार कोणती ते कसं ओळखायचं? तोंड साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून घ्या आणि अर्धा-पाऊण तास काहीही लावू नका. रूक्ष त्वचेवर या वेळात कुठेच चमक येत नाही, अगदी नाकाच्या बाजूलाही नाही. हात फिरवला तर खरखर लागते आणि कधीकधी भुवयांपाशी कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. हे वर्षानुवर्षांचं असतं, आणि बहुधा हातपायांवरही असतं. शुष्क त्वचा मात्र चमकूही शकते. नाक-कपाळ तेलकट, पण हसलं की गाल ताणले जातात. गालाची त्वचा दोन बोटांनी हलकेच एकत्र आणली तर तिच्यावर समांतर, कागदाला पडाव्यात तशा बारीक चुण्या दिसतात. रंग उतरल्यासारखा वाटतो, आणि एरवी चालणारं क्रीम अचानक चुरचुरायला लागतं. ही चुरचूर मला सगळ्यात विश्वासार्ह खूण वाटते, कारण ती भिंतीला फट पडल्याचं सांगते.

पाणी पिण्याबद्दल इथेच बोलून टाकू. शरीरातलं पाणी कमी होणं ही वेगळी, वैद्यकीय गोष्ट आहे. जो माणूस तहानेपुरतं पाणी पितो, त्याने वर आणखी चार तांबे रिचवले म्हणून गालाच्या वरच्या थरात ते पोचेल असं नाही. ते बहुतांशी लघवीवाटे जातं.

घरगुती उपाय आता या दोन खणांत टाकून पाहिले की आपोआप उलगडतात. पाणी ओढून धरणाऱ्यांत ग्लिसरीन, मध, कोरफड आणि ओट्स येतात. पाणी अडवणाऱ्यांत तेलं, बियांपासून काढलेली घट्ट लोणी आणि मेण. शुष्क त्वचेला पहिला खण आधी हवा आणि दुसऱ्याचं पातळ आवरण वर. रूक्ष त्वचेला दुसरा खण जास्त हवा, पण तोही ओल्या त्वचेवर. मी स्वतः कित्येक वर्षं पूर्ण वाळलेल्या चेहऱ्यावर तेल चोळत होते आणि त्वचा मऊ का राहत नाही याचं नवल करत होते. रिकाम्या डब्याला घट्ट झाकण लावल्यासारखंच होतं ते.

ग्लिसरीन मला घरगुती उपायांचा राजा वाटतं, जरी त्याला मधासारखी प्रतिष्ठा नसली तरी. मात्र ते नुसतं लावू नये. एक भाग ग्लिसरीनला आठ-नऊ भाग उकळून थंड केलेलं पाणी घ्या. घट्ट ग्लिसरीन चिकट होतं, आणि हवा अगदी कोरडी असेल तर ते खालच्या थरांतलं पाणीही ओढतं. मधात साखरेचं प्रमाण इतकं असतं की तोही पाणी धरतो. पातळ थर दहा मिनिटं ठेवून कोमट पाण्याने धुतला तर पुरे. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो. पान कापलं की सालीखालून पिवळसर चीक येतो, तो आधी पूर्ण निथळू द्या, कारण त्याने खाज सुटू शकते. नुसती कोरफड लावून थांबलं तर ती वाळताना एक पातळ पापुद्रा सोडते आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते. लोक याला 'त्वचा घट्ट झाली' म्हणतात. घट्टबिट्ट काही होत नाही, पापुद्रा वाळतो एवढंच. कोणताही लेप कडकडीत वाळेपर्यंत ठेवण्याच्या सवयीचंही तेच. वाळत जाणारा लेप त्वचेला काही देत नाही, उलट घेतोच.

ओट्स मिक्सरमध्ये इतके बारीक करा की चमचाभर पूड पेलाभर पाण्यात ढवळली तर पाणी दुधाळ होईल आणि पूड लगेच तळाला बसणार नाही. खाजऱ्या, चुरचुरणाऱ्या त्वचेवर असं पाणी ओतणं हा जुना उपाय आहे, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 मध्ये ओट्सच्या अशा पुडीला त्वचारक्षक म्हणून मान्यताही दिली.

तेलांच्या बाबतीत 'नैसर्गिक आहे ना, मग चालेल' हा हिशोब चुकतो. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते त्या चुन्याची रचना विस्कटतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर त्वचेची भिंत कमकुवत झालेली आढळली, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती शाबूत राहिली. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त असतं आणि त्वचा सिरॅमाइड बनवताना ते वापरते. अर्थात हल्ली ओलेइक वाढवलेलं सूर्यफूल तेलही मिळतं, तेव्हा बाटली वाचून घ्या. खोबरेल हातापायांना छान. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर लांब ठेवा. आणि अडवण्याच्या कामात पेट्रोलियम जेली सगळ्या तेलांना मागे टाकते. 1872 मध्ये रॉबर्ट चेसब्रो यांनी तिचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तिच्याइतकं स्वस्त आणि तरीही परिणामकारक झाकण क्वचितच सापडलं असेल. ती झाडाला लागत नाही म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. उललेल्या ओठांना आणि फुटलेल्या टाचांना रात्री तीच लावावी.

सगळ्यात महत्त्वाची मात्र वेळ. आंघोळ कोमट आणि पाच-दहा मिनिटांची, अंग घासून न पुसता टिपायचं, आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, जे लावायचं ते लावायचं. एवढा एकच बदल केला तरी निम्म्या तक्रारी पांगतात.

काही घरगुती उपाय दोन्ही प्रकारांना सारखेच नडतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण पीएच 5 च्या आसपास (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; 7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी). लिंबाचा रस 2 च्या जवळ, खाण्याचा सोडा 8 च्या पुढे, साधा साबण 9-10 वर. लिंबाचं आणखी एक दुखणं म्हणजे रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने डाग पडावेत, याहून वाईट काय! साखरेच्या खड्यांनी चेहरा घासणं म्हणजे शुष्क त्वचेच्या उरल्यासुरल्या विटा उचकटणं.

घरगुती उपायांकडून 'तरुण दिसण्या'चीही अपेक्षा असते; ती या दोन खणांपैकी पाणी धरणाऱ्या खणातच बसते, तीही अर्धीच. शुष्कपणाने आलेल्या बारीक रेघा पाणी मिळताच फुगून भरतात. म्हणून लेप लावलेल्या रात्री चेहरा टवटवीत दिसतो. तो परिणाम खरा आहे, पण तासांचा. मोजक्या, खोल, चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या सुरकुत्या निराळ्या. त्या खालच्या थरातलं कोलेजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, झिजल्याने येतात, आणि त्यात उन्हाचा वाटा मोठा. 2012 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 28 वर्षं ट्रक चालवलेल्या 69 वर्षांच्या माणसाचं छायाचित्र छापून आलं होतं. खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी वर्षांनी म्हातारी दिसत होती, एकाच माणसाच्या एकाच चेहऱ्यावर. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे 900 हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत 24 टक्के कमी वयस्क झालेली आढळली. त्यामुळे घरी करायचं ते सगळं करा, पण सनस्क्रीन घरी करू नका. तेलात पावडर कालवून बनवलेल्या लेपाचं संरक्षण किती आणि कुठे पुरतं, हे घरी मोजता येत नाही. कोलेजनची पूड लेपात घालण्याचाही उपयोग नाही. तो रेणू एवढा मोठा की अखंड त्वचेच्या आत जात नाही.

घरी बनवलेल्या कोणत्याही गोष्टीत पाणी आलं, म्हणजे कोरफड, ओट्स, ग्लिसरीनचं पाणी, की त्यात जंतू वाढायला सुरुवात होते, दिसायला काही दिसो न दिसो. तेवढ्यापुरतं करा आणि उरलेलं फेकून द्या. नुसत्या तेलात जंतू वाढत नाहीत, पण ते खवट होतं. वास बदलला की बाटली बाद. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहा. आणि भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, रात्री खाजेने झोप मोडत असेल, किंवा वजनवाढ आणि थकव्यासोबत त्वचाही अचानक रूक्ष झाली असेल, तर डॉक्टरांकडे जा. इसब आणि थायरॉइडचा आजार हे दोन्ही 'कोरडी त्वचा' या नावाखाली महिनोन्‌महिने लपून राहतात.