स्थानिक संस्थांचे अभिलेख आणि त्यांच्या नकला (महाराष्ट्र)

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्या कारभारातून तयार होणाऱ्या व त्यांच्या ताब्यात असणाऱ्या नोंदवह्या, नस्त्या (फायली), नकाशे, इतिवृत्ते, हिशेब आणि संगणकीय नोंदी यांना स्थानिक संस्थांचे अभिलेख म्हणतात. ते पाहण्याचे आणि त्यांच्या नकला घेण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा त्यांपैकी सर्वांत परिचित मार्ग असला तरी तो एकमेव नाही, आणि बऱ्याच कामांसाठी सर्वांत जवळचाही नाही. हवा असलेला कागद कोणत्या नावाने, कोणाच्या दप्तरात आणि कोणत्या काळातला आहे, हे ठरले की कोणत्या मार्गाने जायचे हेही बहुतेक वेळा ठरते.

गावपातळीवर दोन दप्तरे शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. ग्रामपंचायतीचे दप्तर ग्रामसेवकाकडे असते (या पदाला अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी असे नाव मिळाले आहे), तर जमिनीचे दप्तर महसूल खात्याच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे असते. ग्रामपंचायतीचे हिशेब व नोंदी लेखा संहितेतील क्रमांकित नमुन्यांत ठेवल्या जातात. हे नमुने १ ते ३३ आहेत. त्यांतील नमुना ८ ही घरे व इमारतींच्या कर आकारणीची नोंदवही असून तिचा उतारा गावठाणातील घरासंबंधी सर्वाधिक मागितला जातो. तलाठ्याकडचा गाव नमुना ८अ मात्र वेगळा : तो एका खातेदाराची गावातील सर्व शेतजमीन एकत्र दाखवणारा खातेउतारा आहे. कर्जासाठी किंवा वारसनोंदीसाठी ‘आठचा उतारा’ आणा असे सांगितले गेले, तर तो कोणत्या आठचा हे आधी विचारून घेतलेले बरे. शिवाय नमुना ८ ही कर बसवण्यासाठी केलेली नोंद आहे. तिच्यावर नाव असले म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

जमिनीच्या बाबतीत सातबारा उतारा, फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, आणि मोजणीचे नकाशे ही मुख्य कागदपत्रे होत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे व भूमी अभिलेख लोकांना पाहण्यास खुले आहेत आणि ठरलेली फी भरून त्यांच्या नकला मिळतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत घेता येतो. शहरांत आणि नगर भूमापन झालेल्या गावांत सातबाऱ्याची जागा मिळकत पत्रिकेने (प्रॉपर्टी कार्ड) घेतलेली असते व ती भूमी अभिलेख खात्याकडे असते. खरेदीखतासारख्या नोंदणीकृत दस्तांची नक्कल आणि सूची क्रमांक २ (दस्ताचा सारांश देणारा उतारा) दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळते. या कोणत्याही कागदासाठी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज करून उपयोग नसतो.

जन्म व मृत्यू यांची नोंद जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खाली होते. ग्रामीण भागात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा अधिकारी निबंधक म्हणून काम पाहतो. घटना २१ दिवसांच्या आत कळवणे अपेक्षित असते आणि कळवणाऱ्याला पहिला दाखला विनाशुल्क द्यावा लागतो. पुढे केव्हाही कलम १७ प्रमाणे नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो आणि उतारा मिळवता येतो; मात्र मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही. नोंद नाहीच असे आढळल्यास अनुपलब्धतेचा दाखला मागावा. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील कार्यालयांसाठी हा दाखला अनेकदा लागतो, आणि कागद नसल्याचा कागद मिळवणे हे प्रत्यक्ष दाखला मिळवण्यापेक्षा अधिक चिकाटीचे काम ठरू शकते.

जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचे दाखले, नमुना ८ चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला या ग्रामपंचायतीच्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. त्यामुळे त्या ठरलेल्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास खात्यातच पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. साध्या दाखल्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस थांबण्यापेक्षा हा रस्ता आखूड आहे, तरीही तो फारसा वापरला जात नाही.

काही माहिती तर अर्जाशिवायच मिळायला हवी. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, अंदाजपत्रक, अनुदान योजना व त्यांचे लाभार्थी, दिलेले परवाने इत्यादी १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करून अद्ययावत ठेवायच्या असतात. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांतील ही माहिती जुनी झालेली आढळते. तरीही अर्ज लिहिण्यापूर्वी ती चाळावी, कारण कोणता विषय कोणत्या टेबलावर आहे हे तिच्यावरून कळते. ग्रामपंचायतीचा वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिपणी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवणे आवश्यक असल्याने हे कागद तेथेच, सर्वांसमक्ष मागता येतात. वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्च आणि गावाचा विकास आराखडा केंद्र शासनाच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येतो.

राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या निर्णयाने महानगरपालिका तसेच जिल्हास्तरीय व त्यांच्या अखत्यारीतील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यास द्यावेत असे ठरवले. पुणे महानगरपालिकेत असा प्रघात त्याआधीच सुरू झाला होता. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा किंवा रस्त्याच्या कामाची नस्ती यांसारख्या जाड दप्तरांच्या बाबतीत ही सोय फार उपयोगाची आहे : नस्ती आधी चाळून हव्या त्या पृष्ठांची टिपणे काढावीत आणि नंतर फक्त तेवढ्याच पृष्ठांच्या नकला मागाव्यात.

जे कागद वरीलपैकी कोणत्याही वाटेने मिळत नाहीत, त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. राज्यस्तरावर या अधिकाराचे कायदे केंद्रीय अधिनियमाच्या आधीच आले होते. गोव्याने १९९७ मध्ये असा कायदा केला. महाराष्ट्रात २००० चा अपुरा कायदा जाऊन २००२ चा कायदा आला आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा मोठा वाटा होता. केंद्रीय अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात करतात आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. फी रोखीनेही भरता येते. नकलेस साध्या आकाराच्या पानाला २ रुपये पडतात. अभिलेख पाहण्याचा पहिला तास विनाशुल्क असून पुढील प्रत्येक १५ मिनिटांना ५ रुपये आकारले जातात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडल्यास त्याला फी माफ असते. अर्ज मराठीत चालतो आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नसते. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे कार्यालयात असे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने, साह्य करावे असे अधिनियमातच म्हटले आहे. हा अधिकार फक्त भारतीय नागरिकांचा आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या मराठी माणसाला तो स्वतःच्या नावाने वापरता येत नाही.

राज्याच्या नियमांत २०१२ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि अर्ज सामान्यतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. अभिलेख पाहताना अर्जदाराने जवळ केवळ पेन्सिल ठेवावी, लेखनाची इतर साधने अधिकाऱ्याकडे जमा करावीत, असेही त्याच दुरुस्तीत आहे. मूळ कागदावर शाईने भर घातली जाऊ नये हा त्यामागचा उघड हेतू असला, तरी दप्तराला खरा धोका बाहेरच्या माणसाच्या पेनापासून किती आणि आतल्या गहाळ होण्यापासून किती, हा प्रश्न राहतोच.

शब्दमर्यादेची अडचण अर्ज नेमका लिहिला तर सहसा येत नाही. ‘आमच्या वॉर्डातील रस्त्याच्या कामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज संदिग्ध म्हणून सहज टाळता येतो. त्याऐवजी रस्त्याचे नाव व आर्थिक वर्ष देऊन प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पृष्ठे, अदा केलेली देयके आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती मागितल्या, तर ‘अभिलेख नाही’ असे म्हणायलाही अधिकाऱ्याला एकेका कागदाबाबत म्हणावे लागते. यांपैकी मोजमाप पुस्तिका सर्वांत बोलकी असते, कारण प्रत्यक्ष किती काम मोजले गेले आणि त्यावर देयक कसे निघाले, हे तिच्यातच उतरलेले असते. अधिनियमात साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार असल्याने रस्त्याच्या डांबराचा किंवा काँक्रीटचा नमुना मागता येतो. निर्णय का घेतला, असा सवाल मात्र फारसा टिकत नाही : जी माहिती अभिलेखात आहे तीच द्यावी लागते, नवी तयार करावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले. कारण हवे असेल तर नस्तीतील टिपणी भागाची नक्कल मागावी. कनिष्ठ लिपिकापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत कोणी काय शेरा मारला, हे त्यात दिसते.

जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत माहिती द्यायची असते. व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल, तर त्याने तो परत न करता ५ दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. नकलांची रक्कम कळवल्यापासून ती भरेपर्यंतचा काळ मुदतीत धरत नाहीत, आणि मुदत उलटल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते. नकाराची कारणे कलम ८ मध्ये दिलेली आहेत. स्थानिक संस्थांच्या बाबतीत त्यांपैकी ‘वैयक्तिक माहिती’ हेच कारण सर्वाधिक पुढे केले जाते. पूर्वी या तरतुदीत, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येई. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने केलेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आणि ही बंधने गळून केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द उरले. लाभार्थी याद्या, हजेरीपत्रके आणि कर्मचाऱ्यांच्या चौकशीचे कागद मागणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. सार्वजनिक हित अधिक असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) कायम असल्याने अशा अर्जात ते हित कोणते, हे दोन वाक्यांत लिहिणे आता शहाणपणाचे ठरते.

उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील करावे. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते पंचायत समितीतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे करतात. महाराष्ट्रात दोन्ही अपिलांना प्रत्येकी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अधिकाऱ्याने वाजवी कारणाशिवाय विलंब केल्याचे आढळल्यास आयोग दर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती लावू शकतो. आयोगापुढील सुनावणीस मात्र बराच काळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच मागणी तपशिलाने व कागदांनिशी मांडणे श्रेयस्कर होय.

कागद न्यायालयात द्यायचा असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ नुसार शिक्का, सही, दिनांक आणि अधिकाऱ्याचे पदनाम असलेली प्रमाणित प्रत मागावी. साधी झेरॉक्स माहितीपुरती ठीक असते, परंतु दाव्यात तिच्यावर हरकत येते.

जुन्या कागदांचा प्रश्न निराळा आहे. शासकीय अभिलेखांचे महत्त्वानुसार वर्ग पाडलेले असतात : ‘अ’ वर्गातील कायम ठेवायचे, ‘ब’ साधारणतः ३० वर्षे, आणि ‘ड’ जेमतेम एक वर्ष. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या आवक पत्राची प्रत मागण्यापूर्वी ते नियमाने नष्ट झाले नसेल ना, हे पाहावे. तसे असल्यास नष्ट केल्याची नोंद मागता येते. मुदतीआधीच कागद ‘आढळून येत नाही’ असे उत्तर आले तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि केवळ सापडत नाही म्हणून माहिती नाकारता येत नाही, शोध व जबाबदारी निश्चिती करावी लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे पुष्कळ गावदप्तर मोडी लिपीत असल्याने ते सापडले तरी वाचणारा शोधावा लागतो. २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांतील कोतवाल बुके, जन्म-मृत्यूचे गाव नमुना १४ आणि शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या पुन्हा उघडल्या गेल्या आणि मोडी जाणणाऱ्यांची निकड एकाएकी वाढली.

गोव्यातही केंद्रीय अधिनियम लागू आहे, पण दप्तराची घडण निराळी आहे. तेथे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म १ व १४ असतो, पंचायतींचा कारभार १९९४ च्या पंचायत राज कायद्याने चालतो, आणि पोर्तुगीज काळातील जन्म, विवाह व जमिनीच्या नोंदींसाठी नागरी निबंधक किंवा पणजीच्या पुराभिलेखागाराकडे जावे लागते. त्यांतील बहुतेक नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत.