ईएमटी आणि एमकॅट एकाच वर्षात: अर्ज नेमके कुठे अडतात

अमेरिकेत मेडिकलची तयारी करणारी बरीच मराठी मुलं एमकॅटच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासोबत ईएमटीचा, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या तंत्रज्ञाचा कोर्स करतात. कोर्स साधारण १५० तासांचा, राज्यागणिक थोडा कमी-जास्त. अभ्यासक्रम फारसा कुणाला अडवत नाही. अडवतात ते कागद आणि तारखा, आणि त्यातही भारतात जन्मलेल्या मुलांची काही दुखणी वेगळीच असतात.

प्रवेश सोपा असतो: वयाची अट (बहुतेक राज्यांत १८, काही ठिकाणी कमी), बारावीच्या आसपासचं शिक्षण, पार्श्वभूमी तपासणी आणि सीपीआरचं कार्ड. कार्ड आरोग्यसेवकांसाठीच्या बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) कोर्सचंच लागतं. घरबसल्या तासाभरात मिळणारं, पुतळ्यावर हात न लावता काढलेलं ऑनलाइन प्रमाणपत्र चालत नाही.

खरी गाडी अडते लसीकरणाच्या फॉर्मवर. रुग्णालयात किंवा रुग्णवाहिकेवर ड्यूटीला पाठवण्याआधी हा फॉर्म पूर्ण लागतो, आणि आईने जपून ठेवलेलं बाळाचं लसीकरण कार्ड तिथे अर्धंच उपयोगी पडतं. भारतात गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत बाराव्या महिन्याआधीचा डोस धरतच नाहीत. म्हणजे कार्डावर दोन डोस दिसले तरी इथल्या हिशेबाने एकच. यावर वाद घालत बसू नये. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांची अँटिबॉडी तपासणी करून घ्यावी. ती पुरेशी आली तर बहुतेक कोर्सवाले तोच अहवाल स्वीकारतात.

दुसरी अडचण टीबीची. आपल्याकडे जन्मतः बीसीजी देतात, त्यामुळे त्वचेवरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र आणि दोन-तीन आठवडे पाण्यात. रक्तातून होणारी आयजीआरए तपासणी मागून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणखी एक बारकी गोष्ट: एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा) डोस घ्यायचाच असेल तर टीबीची तपासणी त्याच दिवशी उरका. ती संधी हुकली तर निदान चार आठवडे थांबावं लागतं. हेपटायटिस बीचा नेहमीचा तीन डोसांचा क्रम सहा महिन्यांचा आहे. १८ वर्षांवरच्यांसाठी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोसांची लसही मिळते, पण ती आपणहून विचारावी लागते. कोर्स ऑगस्टमध्ये असेल तर ही धावपळ मार्चमध्ये सुरू करा. जुलैच्या शेवटी सुरू करणाऱ्यांच्या ड्यूट्या हमखास पुढे जातात, आणि त्या थेट एमकॅटच्या अभ्यासाच्या महिन्यांत येऊन पडतात.

व्हिसाचं प्रकरण नाजूक आहे. एच-४ (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व मुलांचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर कोर्स करता येतो, पण परवानगीशिवाय पगारी काम करता येत नाही. एच-४ वाल्यांना मिळणारा कामाचा परवाना फक्त जोडीदाराला मिळतो, मुलांना नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दरवर्षी कुणीतरी नोकरीचा अर्ज भरून बसतं. स्वयंसेवक म्हणून काम करायचं तर ती जागा मुळातच बिनपगारी हवी. पगारी जागेवर 'मी पैसे घेत नाही' म्हटलं म्हणून ते सेवाकार्य ठरत नाही. काही स्वयंसेवी पथकं भत्ता देतात, तो घेण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून किंवा वकिलाकडून लेखी उत्तर घ्या.

याच मुलांकडे नसलेला दुसरा कागद म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर. राज्याच्या परवान्याच्या अर्जात तो रकाना बहुधा असतोच आणि एच-४ वरच्या मुलांना तो नंबर सहसा मिळत नाही. सोशल सिक्युरिटी कार्यालयात अर्ज केला की नकाराचं पत्र मिळतं, त्याचा फॉर्म क्रमांक एल-६७६. राज्याच्या ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) कार्यालयाला ते चालतं का, हे फी भरण्याआधी ईमेलने विचारा. फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि नंतर कुणीच त्याची जबाबदारी घेत नाही.

कोर्स झाला की नॅशनल रजिस्ट्रीची, म्हणजे ईएमटींना प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा. अर्ज भरून पैसे दिले तरी परीक्षेची परवानगी लगेच येत नाही. तुम्ही कोर्स पूर्ण केला हे कोर्सच्या संचालकाने त्यांच्या खात्यातून मंजूर करावं लागतं. डिसेंबरात संचालक सुट्टीवर गेले की तुमचा अर्जही सुट्टीवर जातो. शेवटच्या वर्गालाच आठवण करा. मंजुरीनंतर मिळणारं परवानगीपत्र ९० दिवसच चालतं. जानेवारीत मिळालं आणि 'आधी एमकॅट होऊ दे' म्हणून बाजूला ठेवलं, तर एप्रिलमध्ये दोन्ही एकदम अंगावर येतात.

परीक्षा दोन तासांची, ७० ते १२० प्रश्नांची. संगणक उत्तरांप्रमाणे प्रश्न बदलत जातो, मागे जाता येत नाही. परीक्षा ७० प्रश्नांवर थांबली म्हणजे पास किंवा नापास, असं काहीही ठरत नाही. नापास झाल्यास १५ दिवसांनी पुन्हा देता येते, आणि तीन प्रयत्नांनंतर उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

हुशार मुलं इथे पडतात ती एमकॅटच्या सवयीमुळे. एमकॅट विचारते असं का झालं, रजिस्ट्री विचारते आता आधी काय करणार. ओपिऑइडचा (अफूच्या जातीच्या औषधाचा) अतिडोस झालेला, मिनिटाला चारच श्वास घेणारा रुग्ण समोर आहे. एमकॅटवाल्याला औषध पेशीवर जिथे चिकटतं तो रिसेप्टर आठवतो आणि तो नॅलोक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा निवडतो. बरोबर उत्तर आहे श्वासमार्ग मोकळा करून बॅग-मास्कने श्वास देणं, औषध त्यानंतर. तसंच साखर उतरलेल्या रुग्णाचं: तो शुद्धीवर नसेल, गिळू शकत नसेल, तर तोंडातून ग्लुकोज द्यायचंच नाही. दोन्ही परीक्षांचा सराव एकाच दिवशी करू नये, असं आम्ही सांगतो ते याचसाठी.

रजिस्ट्री पास झालात म्हणजे रुग्णवाहिकेवर चढता येतं, असंही नाही. राज्याचा परवाना वेगळा.

आता एमकॅट. शुल्क साडेतीनशे डॉलरच्या आसपास. फी सवलत योजना अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि निर्वासितांसारख्या मोजक्या गटांसाठी आहे, एच-४ आणि एफ-१ त्यात बसत नाहीत. जे बसतात त्यांनी आधी सवलत मंजूर करून घ्यावी आणि मग नोंदणी करावी. आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

नोंदणीतलं नाव आणि आडनाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळायला हवं. भारतीय पासपोर्टवर बऱ्याचदा वडिलांचं नावही मुलाच्या नावाच्याच रकान्यात असतं, लायसन्सवर ते मधल्या नावात जातं, आणि कॉलेजच्या नोंदीत गायबच होतं. परीक्षेला कोणतं ओळखपत्र नेणार हे आधी ठरवा आणि त्यावरून नाव भरा. मुदत संपलेलं किंवा कागदी तात्पुरतं लायसन्स चालत नाही.

बदलांच्या मुदती परीक्षेआधी ६०, ३० आणि १० दिवस अशा आहेत. ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर पैसे गेले. १० दिवसांच्या आत तारीखही बदलता येत नाही. आणि ही मुदत त्या दिवशी मध्यरात्री संपत नाही, परीक्षाकेंद्राच्या वेळेनुसार सकाळी ८ वाजता संपते. 'आज शेवटचा दिवस आहे, रात्री बघू' म्हणणारे इथेच सापडतात.

'एकदा सराव म्हणून देऊन बघू' हेही नको. वर्षात ३, सलग दोन वर्षांत ४, आयुष्यात ७ अशी प्रयत्नांची मर्यादा आहे. गुण रद्द केले किंवा गेलातच नाहीत, तरी प्रयत्न मोजला जातो.

वेळापत्रकाचं म्हणाल तर, ईएमटी कोर्स आधीच्या ऑगस्ट ते डिसेंबरात, रजिस्ट्री जानेवारीत, एमकॅट एप्रिल किंवा मेच्या सुरुवातीला. निकालाला महिनाभर लागतो आणि मेडिकलचे अर्ज मेअखेरीपासून पाठवता येतात, म्हणून हा क्रम. जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्याला एक शिफ्ट ठीक. परीक्षेआधीचे सहा आठवडे शिफ्ट बंद, हे पथकाला आधीच लेखी कळवा. विश्रांती धरून साडेसात तासांची पूर्ण सराव परीक्षा रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका. त्या गुणांवरून काहीही ठरवता येत नाही, उगाच मन खचतं.

नूतनीकरणाची तारीखही याच गर्दीत येते: रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र दोन वर्षांनी ३१ मार्चला संपतं आणि त्यासाठी ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. अर्ज १ ऑक्टोबरपासून घेतात. तेव्हाच भरा.

शिफ्टच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, तास, पर्यवेक्षकाचं नाव आणि ईमेल. मेडिकलच्या अर्जात उपक्रमांना १५ जागा, प्रत्येकी ७०० अक्षरं, आणि संपर्काची व्यक्ती द्यावी लागते. कोर्सचे तास आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास एकत्र मिसळू नका. रुग्णाचं नाव किंवा पत्ता त्या वहीत कधीही लिहू नका.