जिभेच्या कडेवरचा ध्वनी

‘ल’ म्हणायला जीभ दातांमागे टेकवा, तिथंच ठेवा आणि कंठातून आवाज न काढता तिच्या कडांवरून जोरात हवा सोडा. ‘श’ आणि ‘ल’ यांच्या मधलं काहीतरी घासट ऐकू येईल. अरबी, हिब्रू वगैरे सेमिटिक भाषांच्या पूर्वज भाषेत हा ध्वनी होता, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. अरबीत त्याचा ‘श’ झाला, हिब्रूत ‘स’. म्हणून ‘दहा’ला अरबीत ‘अशरा’ म्हणतात आणि हिब्रूत ‘एसेर’. ओमान आणि येमेनच्या टोकाकडच्या मेहरी, सोकोत्री, शेहरी, हरसूसी, होबयोत आणि बतहरी या सहा भाषांत मात्र तो अजून जिवंत आहे.

या भाषांना कुणी अरबीच्या गावंढळ बोली समजतं. ते चूक आहे. अरबी आणि त्या सेमिटिक वृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्या आहेत, आणि नुसती अरबी येणाऱ्याला मेहरी कळत नाही. येमेनमधल्या प्राचीन सबाई शिलालेखांच्या भाषेपासूनही त्या निघालेल्या नाहीत. खुद्द सेमिटिक हे आफ्रो-आशियाई कुळातलं एक घराणं. इजिप्शियन, बर्बर, कुशिटिक, चाडिक आणि (काहींच्या मते वेगळं काढावं असं) ओमोटिक ही बाकीची सारी आफ्रिकेतली.

जीभ कडेने वापरायची ही सवय एकेकाळी अरबीतही होती. ‘ज़ाद’ या अक्षराचा उच्चार जिभेच्या कडेने होतो, असं आठव्या शतकातल्या सीबवैह या वैयाकरणाने नोंदवलं आहे. स्पॅनिश लोकांनी ‘अल-काज़ी’ उचलला तो ‘आल्काल्दे’ असा. त्यात शिरलेला ‘ल’ हा त्याच उच्चाराचा ठसा. आपल्याकडे फारसीमार्गे आलेल्या काजी, कर्ज, अर्ज या शब्दांत मात्र त्याच ज़ादचा नुसता ‘ज’ उरला. मूळ उच्चार कसा असेल, याचा जिवंत पुरावा हवा तर या सहा भाषांकडे जावं लागतं. त्या परंपरेने कधी लिहिल्या गेल्या नाहीत, त्यामुळे बोलणारा गेला की पुरावाही गेला.

१९७० साली ओमानमध्ये जेमतेम ३ शाळा होत्या. पुढे गावोगाव शाळा, दवाखाने, नोकऱ्या आल्या, आणि सगळा कारभार अरबीत. उंट, शेळ्या, ऊद यांभोवतीचा शब्दसंग्रह रोजच्या कामातून उठला. मेहरी बोलणारे लाखाहून जास्त असावेत, बतहरी बोलणारे मूठभर म्हातारे. पण निव्वळ आकडा फसवतो. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २००३ साली ९ निकष ठरवले, त्यातला पहिलाच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे भाषा जाते का, हा आहे. आईबापांना भाषा कळते पण ते मुलांशी ती बोलत नाहीत, अशी अवस्था आली की भाषा ‘गंभीर धोक्यात’ गणली जाते, मग बोलणारे हजारो का असेनात.

या भाषा ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचं काम दिसतं तितकं सरळ नाही. एमपी३मध्ये, म्हणजे आवाज दाबून छोट्या केलेल्या फाइलमध्ये, ध्वनिमुद्रण केलं तर घासट ध्वनींतले बारीक, उच्च वारंवारतेचे फरक बिघडू शकतात. म्हणून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल ठेवतात. वाळवंटातल्या वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर केसाळ आवरण हवंच. शेहरीतला एक ‘श’सारखा ध्वनी ओठ पुढे काढून म्हणतात, तेव्हा चेहऱ्याचं चित्रीकरणही लागतं. दात पडलेल्या वृद्धाचा उच्चार बदललेला असतो. एकाच माणसावर विसंबलं तर तोंडातली पोकळी भाषेच्या नावावर जमा होते! ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ असं अरबीत विचारलं की उत्तरही बरेचदा अरबी वळणाचं येतं. त्यापेक्षा शेळी दोहताना किंवा दोरी वळताना दोघांना आपसात बोलू द्यावं. एका तासाच्या मुद्रणाचं लिप्यंतर आणि अर्थ लावायला कित्येक दिवस जातात, आणि ते भाषा येणारा माणूस शेजारी बसवूनच करावं लागतं.

लीड्स विद्यापीठाच्या २०१३ ते २०१६ दरम्यानच्या प्रकल्पात या भाषांसाठी अरबी लिपीत जादा खुणांची अक्षरं ठरवली गेली. रोमन लिप्यंतर भाषाशास्त्रज्ञांच्या सोयीचं. ही अक्षरं मात्र शाळेत अरबी शिकलेल्या मेहरी मुलाला मोबाइलवर निरोप पाठवायला कामाची.